शिक्षकाची नोकरी सोडताय? राजीनाम्याचा कागद लिहिण्याआधी पेन्शनचा हिशेब करा

शिरगावातून सकाळी बदलापूर स्टेशन गाठणाऱ्या रिक्षात एखादा तरी शिक्षक असतोच. कोणी जिल्हा परिषदेच्या शाळेत, कोणी उल्हासनगर-कल्याणकडच्या अनुदानित हायस्कुलात, तर कोणी नव्या इमारतींबरोबर उभ्या राहिलेल्या विनाअनुदानित इंग्रजी शाळेत. यातल्या काहींच्या डोक्यात आता वाट बदलण्याचा विचार आहे. एखाद्या ताईचे एलएलबी पूर्ण झाले आहे आणि तिला कोर्टात उभे राहायचे आहे. एखादा दादा एमपीएससीच्या यादीत आला आहे. कोणाला पूर्णवेळ सामाजिक काम करायचे आहे, तर कोणाला तेच ते शाळाबाह्य काम आणि तुटपुंजा पगार असह्य झाला आहे. निर्णय चांगला की वाईट, हे ज्याचे त्याने ठरवावे. पण रविवारी विहारात भेटल्यावर जवळपास प्रत्येक जण एकच प्रश्न विचारतो: इतकी वर्षे कापून गेलेल्या पैशांचे काय, आणि पेन्शन बुडेल का?

उत्तर एका वाक्यात देता येत नाही, कारण शिक्षकांची पेन्शन एकच नाही. एकाच स्टाफरूममध्ये बसणाऱ्या तिघांच्या तीन वेगळ्या योजना असू शकतात. एकाचे वीस वर्षांचे काम एका ओळीच्या राजीनाम्याने शून्य होते, दुसऱ्याचे पैसे सुरक्षित राहतात पण हातात येत नाहीत, आणि तिसऱ्याला आपल्या नावावर काय जमा आहे याचाच पत्ता नसतो. म्हणून सोडायचे की नाही याआधी एक गोष्ट बघावी लागते: आपण कोणत्या योजनेत आहोत आणि बाहेर पडताना कागदावर कोणता शब्द लिहिणार आहोत.

आधी आपली योजना ओळखा

महाराष्ट्रात सगळे एका तारखेभोवती फिरते, ती म्हणजे १ नोव्हेंबर २००५. राज्य सरकारने ३१ ऑक्टोबर २००५ च्या शासन निर्णयाने या तारखेपासून नव्याने नेमल्या जाणाऱ्यांसाठी जुनी पेन्शन बंद केली आणि परिभाषित अंशदान योजना आणली. आपण तिला डीसीपीएस म्हणतो. पुढे तीच राष्ट्रीय निवृत्तिवेतन योजनेत, म्हणजे एनपीएसमध्ये वर्ग झाली. त्या तारखेआधी रुजू झालेल्यांना महाराष्ट्र नागरी सेवा (निवृत्तिवेतन) नियम, १९८२ लागू आहेत, अनुदानित खासगी शाळांतल्या शिक्षकांनाही.

या सरळ रेषेला दोन वाकडी वळणे आहेत. पहिले अनुदानाचे. शिक्षक २००५ च्या आधी लागला, पण त्याची शाळा किंवा तुकडी शंभर टक्के अनुदानावर नंतर आली, तर त्याला जुनी पेन्शन द्यायची की नाही यावर राज्यात वर्षानुवर्षे वाद आणि कोर्टकज्जे चालू आहेत. तुम्ही या गटात असाल तर नोकरी सोडण्याचा विचार करताना हा दावा जिवंत ठेवणे महत्त्वाचे आहे. दुसरे वळण जाहिरातीचे. ज्या भरतीची जाहिरात १ नोव्हेंबर २००५ पूर्वी निघाली होती पण नेमणूक नंतर झाली, अशांना जुनी पेन्शन निवडण्याची एकवेळची संधी सरकारने फेब्रुवारी २०२४ च्या शासन निर्णयाने दिली. तुम्ही तो विकल्प दिला होता का आणि तो मंजूर झाल्याची नोंद सेवापुस्तकात आहे का, हे आधी बघा.

विनाअनुदानित शाळेत यातले काही नाही. तिथे असतो कर्मचारी भविष्य निर्वाह निधी, म्हणजे पीएफ, आणि त्याच्या पोटातली १९९५ ची कर्मचारी पेन्शन योजना. अनेक तरुण शिक्षकांना वाटते की आपल्याला पेन्शनच नाही. पीएफ कापला जात असेल तर ती असू शकते, लहान असली तरी. तिच्याकडे पुढे येऊ.

‘राजीनामा’ या शब्दाची किंमत

जुन्या पेन्शनच्या नियमांत नियम ४६ आहे. त्याचा अर्थ सरळ आहे: सेवेचा राजीनामा दिला की मागची सगळी सेवा जप्त. दहा, अठरा, पंचवीस, कितीही वर्षे असोत. पेन्शनही नाही आणि सेवेवर मिळणारे उपदानही नाही. स्वतःच्या पगारातून भविष्य निर्वाह निधीत साठलेली रक्कम व्याजासह परत मिळते, गट विमा योजनेतली बचत मिळते, बाकी हात रिकामे.

यावर लोक म्हणतात, इतकी वर्षे नोकरी केली, कोर्ट काहीतरी न्याय देईलच. त्यांनी ५ डिसेंबर २०१९ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल माहीत करून घ्यावा. बीएसईएस यमुना पॉवर विरुद्ध घनश्याम चंद शर्मा हे ते प्रकरण. दिल्लीच्या वीज खात्यातल्या या कर्मचाऱ्याने १९९० मध्ये राजीनामा दिला आणि नंतर, आपली वीस वर्षे झाली आहेत, तेव्हा हा राजीनामा स्वेच्छानिवृत्ती समजा, अशी मागणी केली. न्यायालयाने ती फेटाळली. राजीनामा आणि स्वेच्छानिवृत्ती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, राजीनामा दिला की सेवा जप्त होते, मग वीस वर्षे भरली होती की नव्हती हा प्रश्नही उरत नाही, असा त्या निकालाचा आशय. त्याआधी २०१५ मध्ये आयुर्विमा महामंडळाच्या एका कर्मचाऱ्याच्या बाबतीत न्यायालयाने उदार भूमिका घेतली होती. पण मार्च २०१९ मध्ये श्रीलाल मीणा प्रकरणात तीन न्यायमूर्तींच्या पीठाने ती वाट बंद केली. पेन्शन ही मालकाची मेहेरबानी नाही, असे ठणकावणारा १७ डिसेंबर १९८२ चा नकारा खटल्याचा निकाल आपण अभिमानाने सांगतो, आणि तो आहेच तसा. पण तो निकाल निवृत्त झालेल्यासाठी आहे. राजीनामा देणारा त्या दारातून आत येत नाही.

मग मार्ग कोणता? त्याच नियमांतला नियम ६६. वीस वर्षांची अर्हताकारी सेवा पूर्ण केलेला कर्मचारी तीन महिन्यांची नोटीस देऊन स्वेच्छेने निवृत्त होऊ शकतो. त्याला पेन्शन मिळते, महागाई वाढ मिळते, त्याच्या पश्चात कुटुंबाला कुटुंब निवृत्तिवेतन मिळते. अर्जाचा मसुदा जवळपास तसाच आणि सहीही तीच. फक्त ‘राजीनामा’ऐवजी ‘नियम ६६ अन्वये स्वेच्छानिवृत्ती’ लिहायचे.

इथे एक साधे गणित फार कमी जणांच्या लक्षात आले आहे. १ नोव्हेंबर २००५ च्या आदल्या दिवशी रुजू झालेल्या शिक्षकाचीही ३१ ऑक्टोबर २०२५ ला वीस वर्षे झाली. म्हणजे त्या तारखेआधी लागून जुन्या पेन्शनमध्ये असलेला आणि सेवेत खंड न पडलेला प्रत्येक शिक्षक आता स्वेच्छानिवृत्तीच्या रेषेपलीकडे आहे. त्याने राजीनामा देण्याचे एकही कारण उरलेले नाही. अडचण फक्त खंडाची. वैद्यकीय दाखल्याशिवाय घेतलेली विनावेतन रजा अर्हताकारी सेवेतून वजा होऊ शकते. विनाअनुदानित काळ धरला जात नाही. त्यामुळे कॅलेंडरवर एकवीस वर्षे दिसतात आणि सेवापुस्तकात साडेएकोणीस निघतात. नोटीस देण्याआधी अर्हताकारी सेवा किती भरते, हे कार्यालयाकडून लेखी घ्या. सहा महिने कमी पडत असतील तर दात-ओठ खाऊन सहा महिने काढा, कारण त्या सहा महिन्यांची किंमत उरलेल्या आयुष्याची पेन्शन आहे. फेब्रुवारी २०२४ च्या निर्णयाने जुन्या योजनेत आलेल्यांनी तर हे आधी तपासावे. त्यांची नेमणूक उशिराची आहे.

पेन्शन सुरू झाल्यावर वकिली करा, क्लास काढा, पुस्तके लिहा किंवा नगरपालिकेची निवडणूक लढवा. शिक्षकाच्या पेन्शनला त्याने बाधा येत नाही. पेन्शनचा काही भाग विकून एकरकमी पैसे घेता येतात, त्याला अंशराशीकरण म्हणतात. विकलेला भाग पंधरा वर्षांनी परत सुरू होतो. पंचेचाळीसाव्या वर्षी बाहेर पडणाऱ्याला हा मोह जास्त होतो, कारण नवीन कामाला भांडवल हवे असते. माझे मत असे की नव्या कामातून पहिली दोन वर्षे काहीच येणार नाही असे धरून घरखर्च बसवा, आणि मग उरेल तेवढाच भाग विका.

एका सरकारी नोकरीतून दुसऱ्या सरकारी नोकरीत

एमपीएससीतून निवड झाली, दुसऱ्या खात्यात लिपिक म्हणून नंबर लागला किंवा सरकारी महाविद्यालयात प्राध्यापक झालात, तर तुमचे करिअर बदलले तरी सेवा तुटायची गरज नाही. नियम ४६ मध्येच याची सोय आहे. योग्य परवानगीने दुसरी सरकारी नेमणूक स्वीकारण्यासाठी दिलेला राजीनामा मागची सेवा जप्त करत नाही. बोलीभाषेत याला तांत्रिक राजीनामा म्हणतात.

‘योग्य परवानगीने’ या दोन शब्दांत सगळी गोम आहे. परीक्षेचा अर्ज कार्यालयामार्फत गेलेला असावा किंवा ना हरकत प्रमाणपत्र घेतलेले असावे. मुख्याध्यापक कटकट करतील, रजा देणार नाहीत, या भीतीने आपली मुले परीक्षा गुपचूप देतात आणि निवड झाली की साधा राजीनामा देऊन मोकळी होतात. भीती खोटी नसते, पण त्याची किंमत मोठी आहे. आठ-नऊ वर्षांची सेवा, वेतननिश्चिती आणि पदावरचा धारणाधिकार या तिन्हीवर पाणी सोडावे लागते. राजीनाम्याच्या पत्रात नव्या पदाचे नाव, नेमणूक आदेशाचा क्रमांक व दिनांक आणि मागील सेवा जोडून मिळावी ही विनंती लिहा. कार्यमुक्तीच्या आदेशातही तसा उल्लेख करून घ्या. नंतर पत्रव्यवहाराने तो उल्लेख मिळवायचा म्हटले तर चपला झिजतात.

रागाच्या भरात राजीनामा देऊन बसलात, तर तो मागे घेऊन नव्वद दिवसांच्या आत पुन्हा रुजू होण्याची एक फट नियमात आहे. ती हक्क नाही, सक्षम अधिकाऱ्याच्या विवेकावर आहे. पण अर्ज करायला उशीर करू नका.

एनपीएसमधल्या शिक्षकाचे पैसे

आजच्या तिशी-चाळिशीतला बहुतेक शिक्षक इथे आहे. मार्च २०२३ मध्ये, १४ ते २० तारखेच्या संपात ‘एकच मिशन, जुनी पेन्शन’ म्हणत रस्त्यावर उतरलेली पिढी हीच. संपानंतर समिती नेमली गेली, २०२४ मध्ये सुधारित योजनेची घोषणा झाली, शेवटच्या पगाराच्या निम्म्या पेन्शनचे आश्वासन आले. ते आश्वासन सेवेत राहून निवृत्त होणाऱ्यांसाठी आहे. मधेच सोडणाऱ्याने त्यावर गणित बांधू नये. त्याच्या हातात आहे ते त्याच्या खात्यातले पैसे.

हे पैसे राजीनाम्याने जप्त होत नाहीत. जुन्या पेन्शनच्या मानाने एनपीएसचा हा एकमेव मोठा फायदा म्हणा. तुमच्या पगारातले दहा टक्के आणि सरकारने भरलेला वाटा, जो आधी दहा टक्के होता आणि नंतर चौदा झाला, हे सगळे तुमच्या बारा आकडी प्रान क्रमांकाखाली जमा आहे. प्रान आयुष्यभर एकच राहतो, नोकरी बदलली तरी.

आता या पैशांचे काय करायचे? साठीच्या आधी बाहेर पडून खाते बंद करायचे म्हटले, तर नियम कडक आहे. फक्त वीस टक्के रोख मिळतात आणि ऐंशी टक्क्यांतून विमा कंपनीची वार्षिकी घ्यावी लागते, म्हणजे दरमहा ठरावीक रक्कम. जमा रक्कम लहान असेल तर सगळे पैसे एकदम काढता येतात. ही मर्यादा २०२१ मध्ये एक लाखावरून अडीच लाख झाली आणि त्यानंतरही नियमांत बदल झाले आहेत, म्हणून अर्जाच्या दिवशी कोणती मर्यादा लागू आहे ते पेन्शन निधी प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर बघा. शेजाऱ्याला दोन वर्षांपूर्वी काय मिळाले त्यावर जाऊ नका.

एक उदाहरण घेऊ. समजा अडतीस वर्षांच्या शिक्षिकेच्या खात्यात बारा लाख आहेत. तिने खाते बंद केले तर हातात २ लाख ४० हजार येतील. उरलेल्या ९ लाख ६० हजारांची वार्षिकी सहा टक्के दराने धरली तर महिन्याला ४,८०० रुपये. आज, उद्या आणि ती सत्तर वर्षांची होईल तेव्हाही साधारण तेवढेच, कारण नेहमीच्या वार्षिकीत महागाई वाढ नसते. आता तिने एक पैसाही न काढता, एक पैसाही नवा न भरता खाते तसेच ठेवले आणि वर्षाला आठ टक्के वाढ धरली, तर साठाव्या वर्षी ते सुमारे ६५ लाख होतात. आठ टक्क्यांची हमी कोणी देत नाही, बाजार वरखाली होतो. शिवाय पाच टक्के महागाई धरली तर त्या ६५ लाखांची किंमत आजच्या २२ लाखांएवढी. तरीही बारा लाखांचे बावीस होणे आणि बारा लाखांचे महिना ४,८०० होणे यातला फरक उघड आहे. म्हणून माझा स्पष्ट सल्ला असा: नोकरी सोडा, पण एनपीएस बंद करू नका.

चालू ठेवण्याची पद्धत सोपी आहे. दुसरी सरकारी नोकरी असेल तर तोच प्रान नव्या कार्यालयाला द्यायचा. खासगी कंपनीत गेलात आणि तिथे एनपीएस असेल तर तिकडे वळवायचा. वकील, पत्रकार, छोटा व्यावसायिक किंवा पूर्णवेळ कार्यकर्ता झालात तर खाते सर्व नागरिक गटात वर्ग करून घ्यायचे. यासाठी क्षेत्रबदलाचा, म्हणजे इंटर सेक्टर शिफ्टिंगचा अर्ज असतो. तो एनपीएस हाताळणाऱ्या बँकेत देता येतो. सर्व नागरिक गटात निधी व्यवस्थापक आणि शेअरचा वाटा तुम्ही ठरवू शकता. खाते जिवंत ठेवायला वर्षाला हजार रुपयांसारखी छोटी भरणा पुरते. वकिली करणाऱ्याला तर हे खाते दवडणे परवडणारच नाही. काळ्या कोटाला पेन्शन नसते.

मधे खरेच गरज लागली तर तीन वर्षांनंतर स्वतःच्या वाट्याच्या पंचवीस टक्क्यांपर्यंत रक्कम काढता येते. मुलांचे उच्च शिक्षण, घर, गंभीर आजार ही कारणे पूर्वीपासून होती. कौशल्य शिक्षण आणि स्वतःचा व्यवसाय यांचाही समावेश २०१८ मध्ये झाला. हे पंचवीस टक्के तुमच्या वाट्याचे आहेत, एकूण रकमेचे नव्हेत. बँकेत गेल्यावर इथेच अनेकांचा हिरमोड होतो.

हे सगळे ठीक, पण खाते बरोबर भरलेले हवे. डीसीपीएसच्या काळातल्या कपाती, सरकारचा वाटा, त्यावरचे व्याज आणि वेतन आयोगाच्या थकबाकीचे हप्ते हे सारे प्रानमध्ये उतरले आहे का, हे कोणी तुमच्यासाठी बघणार नाही. जिल्हा परिषद आणि अनुदानित शाळांत ही वर्गवारी बराच काळ रेंगाळली आणि हिशेबाच्या चिठ्ठ्या मिळवण्यासाठी शिक्षक संघटनांना भांडावे लागले. नोकरीत असताना वेतन पथकात किंवा पंचायत समितीत तुमचा शब्द ऐकला जातो. नोकरी सोडल्यावर तुम्ही नुसते अर्जदार. पगाराच्या पावत्या आणि प्रानचे विवरण शेजारी ठेवून महिन्यागणिक ताळा करा. एक रविवार जाईल. फरक सापडला तर तो दुरुस्त होईपर्यंत नोटीस देऊ नका.

आणखी एक हिशेब बहुतेक जण विसरतात. सेवेत असताना मृत्यू झाल्यास एनपीएसमधल्या कर्मचाऱ्याच्या कुटुंबालाही कुटुंब निवृत्तिवेतन देण्याचा निर्णय राज्याने २०२३ मध्ये घेतला. नोकरी सोडली की ते छत्र गेले. घरात एकटे कमावणारे असाल तर कार्यमुक्त होण्याआधी मुदतीचा विमा काढा. पगाराची पावती हातात असताना तो सहज मिळतो.

विनाअनुदानित शाळेतून बाहेर पडताना

मी स्वतः याच वाटेने गेलो. सहा वर्षे शिकवले, एका शुक्रवारी अर्धा पान राजीनामा दिला आणि सोमवारपासून दुसरीकडे. संस्थेने पीएफच्या नोंदीत माझी सोडल्याची तारीखच भरली नव्हती, आणि जी भरली ती पुढे चुकीची निघाली. ती दुरुस्त व्हायला चौदा महिने लागले. तेव्हा मला माहीत नव्हते की शेवटची भरणा झाल्यावर दोन महिन्यांनी सोडल्याची तारीख कर्मचाऱ्याला स्वतःच ऑनलाइन भरता येते.

पीएफचा यूएएन क्रमांक तुमचा आहे, शाळेचा नाही. नवीन नोकरीत तोच द्या आणि जुनी रक्कम वर्ग करून घ्या. पाच वर्षांच्या आत पीएफ काढला तर त्यावर कर लागतो, शिवाय पेन्शनची वर्षेही तुटतात. ही वर्षे महत्त्वाची आहेत. १९९५ च्या योजनेत दहा वर्षांची सदस्यता झाली की अठ्ठावन्नाव्या वर्षी पेन्शनचा हक्क येतो. ही दहा वर्षे एकाच शाळेतली असावी लागत नाहीत. चार वर्षे इंग्रजी शाळेत, तीन एखाद्या कंपनीत आणि तीन दुसऱ्या संस्थेत, अशी जोडून चालतात, मधे पेन्शनचा भाग काढून घेतलेला नसला पाहिजे. पण आपण करतो काय, तर प्रत्येक नोकरी सोडली की सायबर कॅफेत बसून सगळे काढतो, दहा-पंधरा हजारांसाठी. त्याऐवजी फॉर्म १० सी भरून योजना प्रमाणपत्र घ्या. पुढच्या नोकरीत ते जोडता येते.

पेन्शन किती बसते? पेन्शनपात्र पगार गुणिले सेवेची वर्षे भागिले सत्तर. पगाराची मर्यादा २०१४ पासून १५ हजार. बारा वर्षांचे झाले महिना २,५७१ रुपये. घर चालणार नाही, पण रेशन आणि औषधांना हातभार लागेल, आणि ती आयुष्यभर आहे.

दुसरा हक्क ग्रॅच्युइटीचा. २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शिक्षक ‘कर्मचारी’ या व्याख्येत बसत नाहीत, असे म्हटले होते. संसदेने २००९ मध्ये कायदा दुरुस्त करून ३ एप्रिल १९९७ पासून शिक्षकांना सामावून घेतले. खासगी शाळांच्या संघटना त्याविरुद्ध गेल्या आणि २९ ऑगस्ट २०२२ ला हरल्या. पाच वर्षे सलग सेवा असेल तर शेवटच्या पगाराचे पंधरा दिवस प्रत्येक वर्षासाठी, महिना सव्वीस दिवसांचा धरून. शेवटचा पगार २२ हजार आणि आठ वर्षे सेवा असेल तर एक लाख एक हजारांहून अधिक. राजीनामा दिला तरी ही रक्कम मिळते, ती जप्त होत नाही. शाळा ती स्वतःहून क्वचितच देतात. लेखी मागणी करा, पोच घ्या. अकरा महिन्यांची ऑर्डर देऊन दरवर्षी महिनाभराचा खंड दाखवणाऱ्या संस्था याच हिशेबावर डोळा ठेवून असतात, म्हणून हजेरीपट आणि मे महिन्यातल्या कामाचे पुरावे जपून ठेवा.

राजीनाम्याची पद्धतही कायद्याने ठरवलेली आहे. महाराष्ट्र खासगी शाळा कर्मचारी कायदा, १९७७ च्या कलम ७ प्रमाणे राजीनामा दोन प्रतींत लिहून, दोन्हींवर सही व तारीख घालून, एक प्रत व्यवस्थापनाला नोंदणीकृत टपालाने पाठवायची आणि एक स्वतःकडे ठेवायची. कायम शिक्षकाची नोटीस तीन महिन्यांची, इतरांची एक महिन्याची. नोकरीवर घेतानाच कोऱ्या कागदावर सही घेऊन ठेवणाऱ्या संस्थांसाठी हे कलम अडचणीचे आहे, कारण टपालाची पावती त्यांच्याकडे नसते. असा राजीनामा दाखवून काढून टाकले तर शाळा न्यायाधिकरणात अपिलाची मुदत तीस दिवसांची आहे. ती चुकवू नका.

चळवळीसाठी नोकरी सोडणाऱ्यांशी दोन शब्द

पूर्णवेळ कामासाठी नोकरी सोडणाऱ्यांबद्दल मला आदर आहे, आणि काळजीही. बाबासाहेबांनी ११ मार्च १९२० ला सिडनहॅम कॉलेजची महिना ४५० रुपयांची प्राध्यापकी सोडली ती लंडनचे अपुरे शिक्षण पूर्ण करण्यासाठी. सोडण्याआधी त्यांनी पगारातून काटकसरीने पैसे साठवले होते, शाहू महाराजांची मदत होती आणि मित्र नवल भथेना यांच्याकडून पाच हजारांचे कर्ज घेतले होते. पुढचे सगळे आपण जाणतो. मागची बेरीज-वजाबाकी मात्र आपण भाषणात सांगत नाही.

आपल्याकडे एकरकमी पैसे आले की तीन गोष्टी होतात. नातेवाईक उसने मागतात, एजंट विमा-गुंतवणुकीचे पुडके घेऊन येतो आणि कुठल्या तरी बांधकामाची पावती फाडली जाते. दान द्यायला हरकत नाही. पण साठीनंतर कार्यकर्त्याला औषधासाठी वर्गणी काढावी लागते, हे आपण अनेकदा पाहिले आहे. दोन वर्षांचा घरखर्च बाजूला, आरोग्य विमा सुरू आणि एनपीएस किंवा पीएफला हात न लावलेला, एवढे जमल्यावर उरलेल्यातून दान करा. ज्याला घरातून भाकरी आहे, त्याला कुठल्याही पुढाऱ्याच्या दारात उभे राहावे लागत नाही.

नोटीस देण्याच्या आधीच्या आठवड्यात सेवापुस्तकाच्या प्रत्येक पानाची साक्षांकित प्रत काढून ठेवा. नेमणूक आदेश, वैयक्तिक मान्यतेचे पत्र, शिक्षण सेवक कालावधी पूर्ण झाल्याचा आदेश, वेतननिश्चितीची पाने, प्रानचे विवरण, पीएफचे पासबुक, सगळे. सेवापुस्तक कार्यालयातून गहाळ होते, शाळेत पाणी शिरते, २००५ च्या आणि २०१९ च्या पुरात बदलापुरात काय काय वाहून गेले ते आपल्याला आठवते. त्याच आठवड्यात एनपीएस, पीएफ आणि बँक या तिन्ही ठिकाणी वारसाचे नाव तपासा. लग्नाआधी आईचे नाव लावलेले असते आणि बदलायचे राहून जाते.